वाळवीनं खाल्लेली बारा पानं

सव्वीस वर्षं मी कंपनीची बस चालवली आणि त्यात कशालाही धडकलो नाही. म्हैस, रिक्षा, वाळूचा डंपर, लग्नाची वरात, सगळ्यांना सांभाळून गेलो. जी काय एक धडक झाली ती एका पुस्तकाला झाली. ते पुस्तक मुळात अस्तित्वातच नव्हतं, म्हणून नुकसान जास्त झालं.

आधी कंपनीची बस म्हणजे काय ते सांगतो, कारण लांबच्या वाचकांना ती एसटीची धाकटी बहीण वाटते. तसं नाही. एसटीत तिकीट असतं, घंटी असते, कंडक्टर असतो आणि उशीर झाला तर शिव्या वाटून घेतल्या जातात. आमच्याकडे वाटेकरी नाही. सकाळी सव्वासातला सावर्ड्याहून सुटायचं, असुर्डे, कामथे, चिपळूणचा बहादूरशेख नाका अशी माणसं उचलत जायचं, वाशिष्ठीचा पूल ओलांडायचा, परशुराम घाट चढायचा आणि साडेआठच्या आत लोट्याला कारखान्याच्या फाटकाशी गाडी लावायची. एक मिनिट इकडचं तिकडे झालं तर चाळीस माणसांना एकदम लेट मार्क, आणि चाळीस घरांचे तळतळाट एकट्या ड्रायव्हरला. त्यामुळे प्रत्येक थांब्यावर हॉर्न दोनदा. तिसऱ्यांदा वाजतो तो निघाल्याचा. असुर्ड्याचे कोंबडे तर माझ्याच हॉर्नवर आरवायचे. मला एकदा ताप आला आणि बदली ड्रायव्हर हॉर्न न वाजवता पुढे गेला, त्या दिवशी कोंबडे दहापर्यंत झोपून राहिले आणि निम्मी वाडी घरी बसली. खोटं वाटत असेल तर असुर्ड्यात विचारा. कोंबडे आता नाहीत, पण माणसं आहेत.

बस माझी असली तरी गाडीत राज्य होतं खेडेकर मॅडमचं. त्या कारखान्याच्या लॅबमध्ये. दिवसभर बाटल्यांतले नमुने तपासायच्या आणि जाता-येता आम्हाला. बहादूरशेख नाक्याला चढायच्या, खिडकीशी बसायच्या, पर्समधून पुस्तक काढायच्या. एकदा त्यांनी शेजारच्याला सहज विचारलं, "सध्या काय वाचताय?" शेजारी होता शकील, मेंटेनन्सचा फिटर. तो म्हणाला, "पंपावरची सूचना. लिहिलंय, हात लावू नका. म्हणून लावत नाय." मॅडमनी दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात एक खुनाची कादंबरी ठेवली. शकीलनं ती दोन दिवसांत संपवली आणि तिसऱ्या दिवशी चढल्या चढल्या सगळ्या गाडीला खुनी कोण ते सांगून टाकलं. मॅडमनी त्याला उठवून उभं केलं. लोट्यापर्यंत उभा, संध्याकाळी परत येतानाही उभा.

तिथून आमच्या गाडीचा कायदा झाला. पूल ओलांडला की पुस्तक. घाटमाथा येईपर्यंत ज्याची पाळी असेल त्यानं आपण सध्या काय वाचतोय ते सगळ्यांना सांगायचं. कुठल्या पानावर आहोत, काय आवडलं, कुठे झोप लागली, सगळं. शेवट मात्र सांगायचा नाही. शेवट सांगणारा उतरेपर्यंत उभा.

वर्षाभरात गाडीचं वाचनालय झालं. पुस्तकं सीटच्या मागच्या जाळीत, टपावरच्या डब्यात, एक तर प्रथमोपचाराच्या पेटीत. कामथ्याचा एक ऑपरेटर आंब्याच्या कलमांवरचं पुस्तक वाचायचा आणि इतक्या रंगात येऊन सांगायचा की मॅडम त्यालाही बजावत, "शेवट नको हां." कलमांच्या पुस्तकाला कसला शेवट? पण कायदा म्हणजे कायदा.

आणि मी? मी चाक धरून समोर. ड्रायव्हरच्या डोक्यावर जो आरसा असतो तो मागचे प्रवासी बघायला असतो असं पुस्तकात लिहिलंय, पण खरा उपयोग कान देण्याचा. आरशात नजर टाकली की मागचं ऐकू जास्त येतं, हा माझा सव्वीस वर्षांचा अनुभव. मी स्वतः वाचायचो फक्त ट्रकांच्या पाठी. त्या वाचनात मात्र माझा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. पण बाईंडिंग केलेलं पुस्तक शाळा सुटल्यापासून हातात धरलं नव्हतं, हे खरं. घरचा गॅसचा अर्जसुद्धा बायको भरायची.

मग घाटात रुंदीकरण निघालं. पूर्वी बारा मिनिटांत चढणारा घाट कधी चाळीस मिनिटं घ्यायचा, कधी तासभर. तिथल्या एकेका खड्ड्याला मी नावानं ओळखायचो आणि त्यातले बेडूक मला. गाड्या रांगेत उभ्या, खाली दरी, वर डोंगर, मध्ये आम्ही. चाळीस माणसांच्या पाळ्या संपल्या, पुस्तकं संपली, आणि एके दिवशी गाडी अशीच उभी असताना मागून मॅडमचा आवाज आला, "दत्ताराम, तुम्ही काय वाचताय सध्या?"

आरशात बघतो तर चाळीस तोंडं माझ्याकडे. शकील म्हणाला, "मॅडम, त्याला कशाला? तो आरटीओचं पुस्तक वाचतो, तेपण चित्रं बघून."

हे वाक्य शकीलनं बोलायला नको होतं. माणसाचा स्वाभिमान हँडब्रेकसारखा असतो, लागला की गाडी जागची हलत नाही.

"वाचतोय एक," मी म्हणालो. "तांडेलाची गोष्ट आहे." तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा कप्तान. तो का सुचला ते सांगता येत नाही. समोर हर्णैकडून आलेला माशांचा टेम्पो उभा होता, म्हणून असेल.

"नाव काय पुस्तकाचं?"

"तेच तर. पुढची बारा पानं वाळवीनं खाल्लीत." बारा का, तर टेम्पोच्या नंबरात शेवटी बारा होते. "नाव नाय, लेखक नाय. आमच्या माळ्यावर सापडलं."

"हं, सांगा पुढे," मॅडम म्हणाल्या.

आता गाडी पुढे जाईना, मागे जाईना. मग गोष्ट पुढे नेली. नारबा नावाचा तांडेल. त्याची मालन नावाची होडी. एका उधाणात होडी बंदरातून नाहीशी होते. माणूस एकही नाही तिच्यावर, एकटीच गेली. नारबा तिला शोधायला निघतो. दुसऱ्यांच्या होड्यांतून, बंदरा-बंदरातून. जिथे जाईल तिथे लोक सांगतात, "होती की इथे. कालच गेली."

एवढं झालं आणि टेम्पो हलला. मी गिअर टाकला आणि म्हणालो, "सध्या इथवर वाचलंय."

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडला तशी सगळी गाडी एका आवाजात म्हणाली, "नारबा कुठे पोचला?"

अशी ती भानगड सुरू झाली. बरं, बंदरांना तोटा नाही आपल्या जिल्ह्यात. आज नारबा बुरोंडीला, उद्या दाभोळला, परवा जयगडला. मी सांगायचो ते गाडी उभी असतानाच, आणि गाडी उभीच असायची. मला तर मजा यायला लागली. मी घरी बायकोला म्हणालो, पुस्तकं वाचणं एवढं सोपं असतं हे माहीत असतं तर आधीच वाचली असती.

पहिली अडचण आणली महाडिकदादांनी. महाडिकदादा कारखान्याच्या स्टोअरमध्ये. सावर्ड्याचे, माझ्याहून वर्षभरानं मोठे, बोलणं कमी. चिठ्ठी असल्याशिवाय साधा हातमोजा द्यायचे नाहीत, मग मागणारा मॅनेजर का असेना. गाडीत त्यांची जागा माझ्या मागेच. त्यांच्या पाळीला ते म्हणायचे, "मी ऐकतोय," आणि तेवढंच. एके सकाळी सावर्ड्याला चढले आणि माझ्या खांद्यापाशी वाकून म्हणाले, "दत्ता, आमच्या घरात विचारलंय, नारबानं होडीला ब्रेक मारला तो कशानं?"

"कोणी विचारलंय?"

"घरात. मी रोज जाऊन सांगतो ना तिला. काल तू म्हणालास, समोर खडक दिसला तसा नारबानं करकचून ब्रेक मारला आणि होडी जागच्या जागी थांबवली. ती म्हणते, दर्यात ब्रेक कशाला लागतो ते विचारा."

तेव्हा मला कळलं की दादांच्या मंडळी बुरोंडीच्या. त्यांच्या वडिलांचं बंदरावर जाळ्या-दोरखंडांचं दुकान होतं, सगळे तांडेल संध्याकाळी तिथे येऊन बसायचे, आणि ह्या वहिनी काउंटरवर. एके काळी त्यांचं वाचन एवढं की वाटाण्याची पुडी आली तरी आधी कागद वाचून मग वाटाणे खायच्या. पण साखरेच्या आजारानं गेल्या काही वर्षांत त्यांची नजर गेली होती. उजेड-अंधार कळायचा, अक्षर दिसायचं नाही. दादांनी वाचून दाखवायचा प्रयत्न केला, पण दादांचा वाचनाचा सूर स्टोअरमधल्या मालाची यादी वाचल्यासारखा. म्हणून ते गाडीतलं ऐकून घरी न्यायचे. चाळीस माणसांची पुस्तकं रोज संध्याकाळी सावर्ड्याच्या एका ओटीवर उतरायची आणि मला पत्ता नव्हता.

"ब्रेक असं नाय लिहिलंय," मी म्हणालो. "मी आपलं माझ्या भाषेत सांगितलं."

"तसं सांगतो," दादा म्हणाले.

पण वहिनी सोडणाऱ्या नव्हत्या. रोज एक प्रश्न यायचा. नारबा डावीकडून ओव्हरटेक करतो तो कोणाला? दाभोळच्या खाडीत वळणावर हॉर्न कोण देतं? त्या दिवशी ओहोटी होती की भरती? मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "ते पुढच्या पानावर असणार, आज वाचून सांगतो." आणि दिवसभर फाटकाबाहेर झाडाखाली गाडीत बसून डोकं खाजवायचो. दुसऱ्या दिवशी नारबाला भरती-ओहोटी कळायला लागायची. गोष्टीतला ब्रेक गेला, हॉर्न गेला, नारबा हळूहळू खरोखरचा तांडेल व्हायला लागला.

आणि मग एक दिवस दादा म्हणाले, "घरात विचारलंय, होडी गेली तेव्हा तिचा दोर तुटला होता, सुटला होता, की कापला होता?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुटला असेल तर दोष समुद्राचा. सुटला असेल तर गाठ मारणाऱ्या नारबाचा. आणि कापला असेल तर कोणीतरी कापलाय. त्या दिवशी मी इतका विचारात होतो की संध्याकाळी सावर्ड्याचा थांबा विसरून गाडी थेट आरवलीपर्यंत घेऊन गेलो. गाडीत सतरा माणसं होती, एकानंही हटकलं नाही. सतरांपैकी सतरा तोच विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी मी घाटात सांगितलं, "दोर कापला होता." गाडीत अशी शांतता पसरली की खालच्या वाशिष्ठीचं पाणी ऐकू आलं.

आता मॅडमना ते पुस्तक हवं झालं. मी म्हटलं, पानं सुटतायत, हात लावला तर भुगा होईल. मग त्यांनी दुसरी प्रत शोधायचा ध्यास घेतला. त्यांचा फोनवर वाचनवेड्यांचा एक गट होता, पार रत्नागिरीपासून दापोलीपर्यंतची माणसं, रोज कोण काय वाचतंय ते एकमेकांना कळवणारी. त्यावर त्यांनी टाकलं, 'तांडेल नारबा, होडी मालन, दोर कापलेला. नाव-लेखक अज्ञात. कुणी वाचलंय का?'

मला वाटलं, संपलं. आता चार विद्वान म्हणणार, असं पुस्तकच नाही.

तसं एकही म्हणाला नाही. रत्नागिरीच्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं, 'लहानपणी वाचलंय, फार सुंदर भाषा.' चिपळूणच्या एका बाईंनी लिहिलं, 'आमच्याकडे होतं, नणंद घेऊन गेली ती आजतागायत.' दापोलीच्या एका गृहस्थांनी तर लिहिलं की नारबा शेवटी मरतो. मॅडमनी त्यांना शेवट सांगितल्याबद्दल जाहीर माफी मागायला लावली, आणि त्यांनी मागितली. माझ्यासारखा बाता मारणारा माणूससुद्धा गार पडला. शकीलनं मला ते सगळं वाचून दाखवलं तेव्हा मलाच वाटायला लागलं, असेल बुवा असं पुस्तक. खोटं कशाला सांगू, मी त्या मास्तरांचा नंबर घेऊन त्यांना फोन केला. म्हटलं, तुमच्याकडे प्रत असली तर द्या, पुढे काय होतं ते बघायचंय. मास्तर म्हणाले, "तुमची वाचून झाली की मलाच द्या ना, मला मधलं आठवत नाहीये."

हे असंच किती दिवस चाललं असतं देव जाणे. पण महाडिकदादा निवृत्त व्हायला आले. शेवटचा महिना उरला तेव्हा मॅडमनी घाटात विचारलं, "दादा, तुम्हाला गाडीकडून काय भेट द्यायची? शाल की घड्याळ?"

दादा उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना चालत्या गाडीत उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "शाल नको, घड्याळ नको. दत्ताकडचं ते पुस्तक द्या. पानं सुटतायत तर मी शिवून घेईन. गाडी सुटली की हिचं वाचन सुटणार हो. निदान हे एक तरी संपू दे तिचं."

मग मला म्हणाले, "देशील ना दत्ता?"

आरशात चाळीस तोंडं. मी म्हणालो, "देणार. तुमच्या शेवटच्या दिवशी."

त्या संध्याकाळी मी बायकोकडे दोनशे पानी लाँगबुक मागितलं. ती म्हणाली, "कोणाला?" मी म्हणालो, "मला. लिहायचंय." तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

कंपनीच्या ड्रायव्हरचं आयुष्य लोकांना माहीत नसतं. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास तो राजा, मधले आठ तास तो उभ्या गाडीचा राखणदार. बाकीचे ड्रायव्हर झाडाखाली पत्ते खेळायचे नाहीतर डुलक्या काढायचे. मी स्टिअरिंगवर वही ठेवून लिहायला बसलो. आणि स्टिअरिंगच्या बरोबर मध्ये काय असतं? हॉर्न. साधं वाक्य असलं तर ठीक, पण नारबाला आई आठवली, होडी लांबून दिसल्यासारखी झाली, असं काही आलं की हाताचा जोर वाढायचा आणि भोंगा वाजायचा. पहिल्या दिवशी वॉचमन दोनदा फाटक उघडून बाहेर आला. तिसऱ्या दिवशी पत्ते खेळणारे म्हणायला लागले, "आज दत्ता रडवणार." ज्या दिवशी मी दोर कापल्याचं पान लिहिलं, त्या दिवशी हॉर्न इतका लांबला की एका कारखान्याच्या लोकांना सुट्टी झाली असं वाटून ते डबे घेऊन निघाले.

महिनाभर लिहिलं. वहिनींचे सगळे प्रश्न आठवून आठवून घातले. लिहिताना ध्यानात आलं की नारबाच्या तोंडची निम्मी शहाणी वाक्यं त्या प्रश्नांतून निघालेली आहेत. मी ज्या बाईला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, ती रोज सकाळी दादांच्या खिशातून माझं पुस्तक तपासून पाठवत होती. मग पुढची बारा कोरी पानं मोजून फाडली. खोटं बोलायचं तर नीट बोलावं. कडांना कोकमाचं पाणी लावून उन्हात वाळवलं, वर तपकिरी कागद चढवला. पण शेवट काही सुचेना. दोर कोणी कापला? मालन सापडते की नाही? शेवटचे चार दिवस हॉर्न वाजला नाही. पत्तेवाले म्हणाले, "अडलं वाटतं." शेवटी मागची आठ पानं कोरीच होती, तीही फाडावी म्हणून धरली, पण हात धजेना. तशीच ठेवली.

आमच्याकडे एक पद्धत होती. माणूस निवृत्त होईल त्या दिवशी संध्याकाळी बस थांब्यावर थांबवायची नाही, त्याच्या दारापर्यंत न्यायची. दादांची वाडी हायवेपासून आत, रस्ता असा अरुंद की दोन्ही बाजूंची कुंपणं गाडीला पुसून गेली. त्या दिवशी मॅडमही चिपळूणला उतरल्या नाहीत, शकीलही नाही. चाळीस माणसं अंगणात उतरली. वहिनी ओटीवर उभ्या होत्या, बारीक चणीच्या, दाराच्या चौकटीला धरून, शेजारच्या कोनाड्यात देवाचा दिवा.

दादा म्हणाले, "अगं, पुस्तक आणलंय दत्तानं."

मी पुढे झालो आणि त्यांच्या हातात वही दिली. वहिनींनी तपकिरी कागदावरून हात फिरवला. वास घेतला. मग मधलं एक पान उघडलं आणि बोटं पानाच्या मागच्या बाजूला नेली. हळूच, वरून खाली.

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. छापलेलं पान पाठीमागून गुळगुळीत असतं. आणि मी लिहिलं होतं बॉलपेननं, माझ्या हातानं, म्हणजे ज्या हातानं हॉर्न वाजवतात त्या हातानं. पानाच्या मागे अक्षर न् अक्षर उठलं होतं.

वहिनींची बोटं थांबली. मी अंगणातल्या चाळीस माणसांकडे बघितलं. शकीलचा चेहरा बघितला आणि ठरवलं, उद्यापासून बदली मागायची, जमलं तर दुसऱ्या जिल्ह्यात.

वहिनी म्हणाल्या, "छपाई चांगली आहे हो. जुन्या काळची."

त्यांनी पुढची बाजू चाचपली. "बारा पानं गेली ती इथली. आणि मागे?" मागची कोरी पानं त्यांच्या बोटांना सपाट लागली. "हीसुद्धा गेली वाटतं."

"हो वहिनी," मी म्हणालो. "शेवट नाय त्याच्यात."

"वाळवी शहाणी आहे हो तुमची, भावोजी. नाव खाते, शेवट खाते, मधलं बरोबर ठेवते." अंगणात हसू फुटलं. मग त्या जराशा पुढे आल्या. "असू दे. आमच्या बाबांच्या दुकानात होतं हे पुस्तक. मी पोरगी असताना अख्खं वाचलंय. शेवट मला पाठ आहे."

आयुष्यभर मी थापा मारल्या, पण अशी थाप, इतक्या शांतपणे, देवाच्या दिव्याशी उभं राहून, मला कधी जमली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "वहिनी, आमच्या गाडीचा नियम आहे, शेवट सांगायचा नाही."

"माहीत आहे ना. हे सांगतात मला सगळं. म्हणून फक्त भावोजींना सांगते. इकडे या हो, कान द्या."

मी ओटीच्या पायरीवर चढून कान दिला. वहिनींनी कानात दोन वाक्यं सांगितली. पहिलं वाक्य असं: "ब्रेक मारणारा तांडेल मी पहिल्या दिवशीच ओळखला होता, भावोजी, पण मला पुढचं ऐकायचं होतं." दुसरं वाक्य शेवटाचं होतं. दोर कोणी कापला आणि मालन कुठे गेली, दोन्ही त्या एका वाक्यात. ऐकून मी पायरी उतरलो. चाळीस माणसं विचारत होती, काय, काय? मी म्हणालो, "गाडीत बसा, उशीर होतोय." येताना सबंध रस्ता मला एकच गोष्ट खुपत होती. हे मला सुचायला हवं होतं.

मागची आठ पानं नंतर दादांनी भरली. वहिनींनी सांगायचं, दादांनी लिहायचं, स्टोअरच्या अक्षरात, प्रत्येक वाक्य खाली रेघ मारून. मग दादा रोज दोन पानं वाचून दाखवायला लागले. म्हणतात, त्यांचा सूरही सुधारला. एकदा वाचून झालं तेव्हा वहिनींनी वही गाडीकडे पाठवली, 'फिरवून परत द्या' असा निरोप देऊन. पहिली मॅडमनी वाचली. परत देताना एवढंच म्हणाल्या, "दत्ताराम, लेखकाचं अक्षर तुमच्या ट्रिपशीटसारखं आहे." मग शकीलनं वाचली. दुसऱ्या सकाळी तो चढला आणि रिकामी जागा असून खांबाला धरून उभाच राहिला.

"काय रे, शेवट सांगितलास कोणाला?"

"नाय," तो म्हणाला. "पण बसवत नाय."

मी पुढच्या वर्षी निवृत्त झालो. आता त्या मार्गावर नवी बस आहे, थंडगार, पडदेवाली, आणि निम्म्या लोकांच्या कानांत इअरफोन. घाटही रुंद झाला, दहा मिनिटांत संपतो. मला वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. चाळीस वाचणारी माणसं इतकी वर्षं माझ्या पाठीशी बसली होती आणि मी ट्रकांच्या पाठी वाचत राहिलो. आता भरून काढतोय. रविवारी सावर्ड्याला जातो, दादांच्या ओटीवर बसतो, आठवड्यात जे वाचलं ते वहिनींना सांगतो. त्या अजून चुका काढतात, छापील पुस्तकांच्यासुद्धा. वही मात्र अजून नव्या गाडीत फिरते असं शकील सांगतो. मागच्या महिन्यात एका पोरीनं वाचली, आणि पुलावर तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "पुढची बारा पानं वाळवीनं खाल्लीत, त्यामुळे नाव सांगता येणार नाही."

या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सांगितलं की लेख छापतो, पण दोर कोणी कापला ते लिहा, वाचक चिडतील. चिडू देत. मी निवृत्त झालो, कायदा झालेला नाही. शेवट सांगितला तर उभं राहावं लागेल, आणि ज्या माणसानं सव्वीस वर्षं बसून काढली त्याला या वयात ते झेपायचं नाही.